खालच्या बाणाचं बटण

१२ जून

प्रिय ढब्बू,

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ढब्बू म्हणू नये, असं तू मागच्या पत्रात बजावलं होतंस. बरं. तर ढब्बू, तुझा नवा प्रोग्राम आमच्या प्रयोगशाळेत सुरू झाला आणि मी तुझ्यावर जाम खूश आहे.

जुना कसा होता, आठवतंय ना? डावीकडच्या यादीतलं पेशंटचं नाव दाबलं की अख्खा पडदा पांढराफटक. ना पुढे जाता येई ना मागे. सर्व्हरवरून त्या माणसाचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही आपले हातावर हात ठेवून बसलेलो. तू थंडीत घालून मिरवतोस ते स्वेटर मी त्या पांढऱ्या पडद्यापुढेच विणलंय. आता एक नाव दाबलं की लगेच पुढचं दाबता येतं, रिपोर्ट मागून येऊन उजवीकडे हजर! इतकी वर्षं मी रक्ताचे रिपोर्ट तपासून छापते आहे, पण असा हात कधी चालला नव्हता.

एक गंमत सांगते. परवा एका सत्तरीच्या मास्तरांचा रिपोर्ट दिला, तर त्यात ते गरोदर निघाले. काउंटरवर सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. मास्तरही भले गृहस्थ, म्हणाले, "आता हिला कोणत्या तोंडाने सांगू?" यादीत त्यांच्या वर एक बाई होत्या, त्यांचा रिपोर्ट मास्तरांच्या नावाखाली छापला गेला. माझाच हात कुठेतरी चुकला असणार. तुझ्या प्रोग्रामचा तर काही घोळ नाही ना?

आई बरी आहे. उत्तरं मात्र हल्ली फार उशिरा देते. सकाळी विचारलं, "आई, चहा ठेवू का?" तर गप्प. दुपारी मी जेवायला घरी येते तेव्हा म्हणते, "ठेव की, साखर कमी घाल." शेजारच्या काकू दिवसभर तिच्याजवळ बसतात, त्या बिचाऱ्या गोंधळून जातात. मी नाही गोंधळत.

गेल्या वेळी तू चार दिवस राहायचं म्हणून आलास आणि पहिल्याच संध्याकाळी बॅग उचलून चालता झालास. का, ते तू लिहीत नाहीस. लिहावंसं वाटलं तर लिही. फोन नको. फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि मग एकदमच रुसतो.

तुझी,
ताई

*

२० जून

ताई,

मास्तरांना माझ्याकडून पेढे दे. पण प्रोग्रामचा घोळ? वा गं वा! नाचता येईना, अंगण वाकडं.

चार महिने घातलेत मी त्या अंगणात. तुला समजेल असं सांगतो, मग बोल. जुन्या प्रोग्राममध्ये दुकानाच्या गल्ल्यावर एकच माणूस. गिऱ्हाईक आलं की तोच उठून मागच्या गोदामात, म्हणजे सर्व्हरवर, माल आणायला जायचा, आणि तो परत येईपर्यंत दुकान बंद. तो तुझा पांढरा पडदा. आता गल्ल्यावरचा जागचा हलतच नाही. तो गोदामात दुसऱ्याला पिटाळतो आणि सांगून ठेवतो, माल मिळाला की मला हाक मार. पाठवलेल्या माणसाला आम्ही थ्रेड म्हणतो आणि त्या हाकेला कॉलबॅक. हाक आली की माल पडद्यावर मांडायचं काम मात्र गल्ल्यावरच्यानेच करायचं. गोदामातून आलेला स्वतःच पडद्याला हात लावायला गेला, की अख्खा प्रोग्राम कोसळतो. नवशिके तिथेच तोंडावर आपटतात. मी त्या एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून बसलो होतो, आणि आजवर एकदाही प्रोग्राम कोसळलेला नाही. आमच्या साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली.

आता दुसरं. मी का निघून गेलो ते.

आईच्या समोर बसलो, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आई, मला ओळखलंस का?" ती खिडकीकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. ती पुढ्यातले वाटाणे सोलत राहिली. तू तेव्हा औषधं आणायला गेली होतीस. ताई, ज्या बाईने मला ताप आला की रात्र रात्र मांडीवर घेतलं, तिला मी कोण ते सांगता येईना. मला नाही सोसलं. तो प्रश्न पुन्हा विचारायची माझ्यात हिंमत नाही, म्हणून येत नाही. तुला राग येईल. येऊ दे.

तुझा,
(नाइलाजाने) ढब्बू

*

५ जुलै

ढब्बू,

राग आला होता. पण तो आता राहू दे, मला तुझ्याशी वेगळंच बोलायचंय.

पुन्हा तसंच झालं, आणि या वेळी कोणी हसलं नाही. एका तरुण मुलीच्या रिपोर्टमध्ये रक्तातली साखर अफाट वाढलेली आली. खरं तर तिला काहीच झालेलं नव्हतं. ती साखर यादीत तिच्या वर असलेल्या एका जुन्या पेशंटची, ज्याचा रिपोर्ट मारुतीच्या शेपटीसारखा लांबलचक असतो. तिच्या डॉक्टरांना शंका आली म्हणून त्यांनी औषध सुरू करण्याआधी आमच्याकडे विचारणा केली. नसती आली तर?

आणि मला हादरवणारी गोष्ट अजून सांगितलीच नाही. मी तिचा रिपोर्ट पडद्यावर बघितला होता. माझ्या डोळ्यांनी. साखर व्यवस्थित होती. ती बघूनच मी छापायचं बटण दाबलं. आणि कागदावर दुसरंच आलं. हे मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. माणूस चांगला आहे, आवाजसुद्धा चढवला नाही. "बाई, तुम्ही दमला आहात," एवढंच म्हणाले. आणि माझं काम तपासायला रिसेप्शनवरच्या नव्या मुलीला शेजारी बसवलं.

आईचं कधी सुरू झालं ते तुला आठवतंय? ती माझ्याच वयाची होती. आधी किल्ल्या. मग गॅस. मग एकदा एक मजला जास्त चढून वरच्यांच्या दारात उभी राहिली आणि त्यांनाच विचारू लागली, "तुम्ही माझ्या घरात काय करताय?" तेव्हासुद्धा ती शपथेवर सांगायची, "मी डोळ्यांनी बघितलं होतं."

मी आता घरून निघताना तीन-तीनदा कुलूप ओढून बघते. काल रात्री शेजारणीचं नाव दोन मिनिटं आठवेना. मला भीती वाटते रे. आईला मी बघते आहे. मला कोण बघणार?

तू सरळ सांग. हे तुझ्या प्रोग्राममुळे होऊ शकतं का? तू नाही म्हणालास, तर मी मानेन. तुझ्यासारखं त्यातलं मला कळत नाही.

ताई

*

१३ जुलै

प्रिय ताई,

पत्र वाचून जीव वरखाली झाला. कामावरचं सगळं बाजूला ठेवून मी प्रोग्राम पुन्हा चालवून बघितला. एकेक नाव दाबलं, एकेक रिपोर्ट ताडून पाहिला. सगळं चोख. बाकी कोणत्याही प्रयोगशाळेतून अशी तक्रार नाही. तुमच्याकडेही तुझ्याखेरीज कोणाची नाही. खोटा दिलासा द्यायचा तर देता येईल, पण तुला तो चालणार नाही, म्हणून खरं लिहितोय.

याचा अर्थ तुला आईचं दुखणं लागलं, असा अजिबात नाही. घर, आई, नोकरी, सगळं एकटीने ओढतेस. माणूस दमतो. दमलेला डोळा जे बघायचं ठरवलेलं असतं तेच बघतो. तरी एकदा दाखवून घ्यायला काय हरकत आहे? स्मृतीचे आजार बघणाऱ्या एका चांगल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता मिळवलाय, सोबत पाठवतो. ताई, माझं ऐक. जाऊन ये. तुझ्या मनातली भीती जाईल आणि माझ्याही.

तुझा,
ढब्बू

*

३० जुलै

ढब्बू,

जाऊन आले. बाईंनी मला घड्याळ काढायला लावलं, आकडे उलटे म्हणायला लावले, पाच शब्द सांगून मध्येच गप्पा मारल्या आणि मग ते शब्द विचारले. चार आले. पाचवा "उशी" होता, तो मला जिन्यात आठवला. परत वर जाऊन सांगू का, असंही वाटून गेलं. अजून एक तपासणी बाकी आहे, मग कळवतील.

त्यांच्या कळवण्याची वाट मात्र मी बघत नाही. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, मला रिपोर्टच्या टेबलावरून काढा. एक तारखेपासून मी खाली, नमुन्याच्या नळ्या धुण्या-मांडण्याच्या खोलीत. ते नको नको म्हणत होते, पण सुटल्यासारखे वाटले. पगार तोच राहील म्हणाले. पगाराचं कोणाला पडलंय? माझ्या हातून कोणाला भलतं औषध गेलं असतं तर मी जन्मभर झोपले नसते.

माझ्या जागी ती नवी मुलगी. तिला शिकवताना माझाच जीव टांगणीला. माउसने एक नाव दाबते, रिपोर्ट येईपर्यंत गालावर हात ठेवून बसते, मग बोट लावून ओळन् ओळ वाचते, मग छापते. तोवर माझे दहा झाले असते. मी कसं करायची, तुला कधी दाखवलं नाही. माउस मी हातातच धरत नाही. डाव्या हाताचं बोट कीबोर्डवरच्या खालच्या बाणाच्या बटणावर, टक टक टक नावं उतरत जायची. कोणता रिपोर्ट आज छापायचा आणि कोणता नाही, ते मला वरच्या दोन ओळींतच दिसतं. हवा तो आला की उजव्या हाताने छापायचं बटण, डावं बोट लगेच पुढच्या नावावर. पेटी वाजवल्यासारखं. तुझा पांढरा पडदा गेल्यापासून तर मी सुसाट सुटले होते. ती मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा हात बघून मला गरगरतं." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आणि मग आठवलं, ती बरोबर छापते आणि मी चूक.

आईचं चालू आहे तसंच. मंगळवारी विचारलं, पाठ दुखते का, तर बुधवारी जेवताना म्हणाली, "डावीकडे." काकूंना वाटलं, ताट डावीकडे सरकवायचंय. मी तेल घेऊन पाठ चोळून दिली. ऐनवेळी विसरते ती, पण प्रश्न कुठेतरी तिच्याजवळ असतो. उत्तर आलं की ते कुठल्या प्रश्नाचं, एवढं फक्त आपण लक्षात ठेवायचं. मला ते अजून जमतं. कधीपर्यंत जमेल, देव जाणे.

ताई

*

४ ऑगस्ट

ताई,

तुमच्या मोठ्या डॉक्टरांना आज सकाळी फोन करून सगळं सांगितलंय, त्यामुळे हे पत्र पोचेपर्यंत तुला कळलेलं असेल. तरी माझ्या हाताने लिहितो. तुला फोनवर सांगायचा मला धीर होत नव्हता. अखेर संध्याकाळी मन घट्ट करून घरी फोन लावलाच, तर आईने उचलला. कोण बोलतंय ते सांगितलं आणि तोंडातून तोच मेला प्रश्न गेला, "ओळखलंस का?" पलीकडे नुसता श्वास. मी ठेवून दिला.

तुझ्या डोक्याला काहीही झालेलं नाही. चूक माझी आहे. अंगणच वाकडं होतं, ताई.

तुझं पत्र वाचताना "टक टक टक"पाशी मी अडकलो. मग आईच्या पाठीचं, उशिरा आलेल्या उत्तराचं वाचलं आणि तसाच प्रोग्राम उघडून बसलो. मी आजवर तपासताना काय केलं? त्या मुलीसारखंच. एक नाव दाबलं, रिपोर्ट आला, मग दुसरं. आणि माझा सर्व्हर माझ्या शेजारच्याच खोलीत, तिथून उत्तर चुटकीसरशी येतं. काल पहिल्यांदा सर्व्हरला मुद्दाम उशीर करायला लावला, खालच्या बाणावर बोट ठेवलं आणि तुझ्यासारखं टक टक टक केलं. तिसऱ्याच नावाला भलत्या माणसाचं रक्त समोर आलं.

असं होतं. तू साखरवाल्या जुन्या पेशंटच्या नावावर आलीस, गोदामात एक माणूस गेला. लांबलचक रिपोर्ट, त्याला वेळ लागला. तोवर तू पुढे, त्या मुलीच्या नावावर. दुसरा माणूस गेला, तिचा छोटा रिपोर्ट घेऊन चटकन परत आला. तू तो बघितलास, बरोबर होता, छापायचं बटण दाबायला हात उचललास. आणि त्या पापणी लवण्याएवढ्या वेळात पहिला माणूस धापा टाकत आला, त्याने हाक मारली, आणि गल्ल्यावरच्या माझ्या शहाण्याने तो माल त्या मुलीच्या नावाखाली मांडून टाकला. हा माल मुळात मागितला कोणी, ते अजून समोर आहे का, हे विचारायचं मी त्याला शिकवलंच नव्हतं. पडद्याला हात कोणी लावायचा, एवढ्याच एका गोष्टीकडे मी बघत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं.

तू डोळ्यांनी बघितलंस ते खरं होतं. कागदावर आलं तेही खरं होतं. आणि हे फक्त तुझ्याच टेबलावर झालं, कारण सगळ्या प्रयोगशाळांत एवढा भरभर हात फक्त तुझा चालतो.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. आता प्रत्येक मागणीबरोबर पेशंटचा नंबर जातो आणि उत्तराबरोबर तोच नंबर परत येतो. नंबर जुळला तरच मांडायचं. तू पुढे निघून गेली असशील, तर उशिरा आलेलं टाकून द्यायचं. साहेबांना सांगितलंय, बाकी सगळ्या प्रयोगशाळांना कळवून आधी छापलेले रिपोर्ट पुन्हा ताडून घ्यायला सांगितलंय. मला जे ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेतलं.

नळ्यांच्या खोलीत एक दिवसही जास्त थांबू नकोस. माफी मागायला शब्द नाहीत.

ढब्बू

*

१८ ऑगस्ट

ढब्बू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी वर माझ्या टेबलावर परत आले होते. मोठे डॉक्टर स्वतः खाली आले, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाई, चूक तुमची नव्हती. आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता." हातात ओली नळी होती, तशीच धरून मी रडले. एवढी मोठी बाई, भोकाड पसरून. नव्या मुलीने पाणी आणून दिलं.

स्मृतीच्या डॉक्टरीणबाईंचंही कळलं. दुसरी तपासणीसुद्धा स्वच्छ आली. मी उशी सांगितली, तर त्या हसत सुटल्या.

आता तुझं. चूक माणसाकडूनच होते, त्याचं मला काही नाही. दुरुस्त केलीस, साहेबांना आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगितलंस, हे सगळ्यांना जमत नाही. पण मला एक लागलंय आणि ते मनात ठेवून मी तुझ्याशी गोड बोलणार नाही. मी तुला विचारलं होतं, तुझ्या प्रोग्राममुळे होऊ शकतं का. माझ्यासारखं बसून, माझ्यासारखं करून बघायला तुला एक दिवस लागला. तो दिवस तू आधी दिला नाहीस. आधी माझं डोकं तपासायला पत्ता पाठवलास. महिनाभर मी रोज रात्री आईकडे बघून विचार करत होते की हिच्या शेजारी माझी खाट लागणार. हे तुला कळायला हवं. कळलं असेल तर इथेच संपलं, पुन्हा काढणार नाही. स्वेटरही परत मागत नाही.

दुरुस्त केलेला प्रोग्राम बसवला त्या दिवशी मी त्याला सोडलं नाही. बोट बाणावर ठेवलं आणि सुटले. यादीच्या तळापर्यंत गेले, परत वर आले, मध्येच उलटी फिरले. एकही चुकला नाही. मुलीला पुन्हा गरगरलं.

उशिरा आलेलं उत्तर तो टाकून देतो म्हणालास. प्रोग्रामला ठीक आहे ते. आपल्या घरात तसं करून चालायचं नाही. तू चार तारखेच्या संध्याकाळी फोन ठेवून दिलास ना? पुढे काय झालं, ते काकूंनी मला सांगितलं.

तू ठेवलास, तरी आईने ठेवला नाही. रिसीव्हर कानाला लावून तशीच बसून राहिली. काकूंनी वाटाण्याची ताटली पुढ्यात ठेवली, तर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने फोनमध्ये म्हणाली, "न ओळखायला काय झालं? ढब्बूच ना तू? मघापासून एकच काय विचारतोस? जेवलास का?"

काकू फोन काढून घ्यायला गेल्या, तर देईना. म्हणाली, "थांबा जरा, तो सांगतोय अजून."

मी घरी आले तेव्हा फोन तिच्या हातातच होता.

तर जेवलास का, ते येऊन सांग तिला. आणि सांगून झालं की लगेच उठू नकोस.

ताई